मातीतली पळती आणि मॅटवरचा काळ

प्रत्येक खेळाचा निकाल मैदानावर लागतो. एक सामना मात्र असा आहे की ज्याचा निकाल आजवर कुणालाच लावता आलेला नाही. तो सामना म्हणजे 'तेव्हाचे' विरुद्ध 'आताचे'. आमच्या अणदूरला हा सामना बारमाही चालतो. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर चालतो, लग्नाच्या पंगतीत चालतो आणि खंडोबाच्या यात्रेत तर हमखास चालतो. क्रिकेट निघाले की गावसकर आणि कोहली, कुस्ती निघाली की तांबडी माती आणि गादी. आमच्या जिल्ह्यात मात्र गाडी फिरून फिरून खो-खोवर येते. जुनी मंडळी म्हणतात, "मॅटवर काय कुणीबी पळतंय. मुरमाच्या मैदानात अनवाणी दोन मिनिटं पळून दाखवा म्हणावं!" त्यावर तरणी पोरे म्हणतात, "तात्या, तुमच्या वेळचा गडी आता पहिल्याच सुरात बाद होईल."

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे आणि दोघांच्याही बोलण्यात थोडा अभिमानही आहे. पण हा वाद केवळ वेळ घालवण्यापुरता नाही. आजचा नामवंत खेळाडू जुन्या काळात टिकला असता का, या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आपल्या गावातल्या शाळकरी मुलामुलींशी थेट निगडित आहे. तिथवर जाण्यासाठी आधी वरवरचा प्रश्न सोडवून घेऊ.

खो-खोचे रूप गेल्या काही वर्षांत किती बदलले, हे पाहण्यासारखे आहे. पाठशिवणीच्या खेळाला नियमांच्या चौकटीत बसवण्याचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी पुणे-बडोद्याकडच्या जिमखान्यांनी केले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली आणि महिलांची त्याच्या पुढच्या वर्षी कोल्हापूरला. या साऱ्या काळात खो-खो म्हणजे मातीच. मैदानातले खडे वेचायचे, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, फक्कीने रेघा आखायच्या आणि दोन टोकांना दोन खांब रोवायचे. नऊ जणांचा संघ. आठ जण पाट्यांवर बसलेले आणि एक पाठलागावर. समोरून तिघातिघांच्या तुकड्या पळतीला यायच्या. एक गडी बाद केला की एक गुण.

आता २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झालेला पहिला विश्वचषक आठवा. बंदिस्त सभागृह, झगझगीत दिवे, रंगीत मॅट आणि पायांत बूट. संघ सात जणांचा, सात-सात मिनिटांच्या चार पाळ्या आणि एका गड्याला दोन गुण. १९ जानेवारीला अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले आणि मुलांनी ५४-३६ असे. दोन्ही संघांचे कप्तान महाराष्ट्राचे होते, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. मुलींच्या संघात आमच्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती, मुलांच्या संघात शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप. त्या रात्री आमच्याकडे फटाके वाजले, ते उगाच नव्हे.

त्याच वेळी एका निवृत्त मास्तरांनी शंका काढली, "अठ्ठ्याहत्तर? आमच्या वेळी सगळा सामना बारा-अकरावर मिटायचा!" मी बँकेत तीसेक वर्षे काढली आहेत. आकड्यांचा हा घोटाळा ओळखीचा वाटला. १९७० सालच्या पासबुकातले शंभर रुपये आणि आजच्या पासबुकातले शंभर रुपये यांचा आकडा तोच असतो, रुपया मात्र तो नसतो. खेळातल्या गुणांचेही तसेच आहे. गड्याला एक गुण देणाऱ्या काळातले बारा आणि दोन गुण देणाऱ्या काळातले अठ्ठ्याहत्तर एकाच रकान्यात मांडून बेरीज-वजाबाकी करता येत नाही. आधी त्या काळचा भाव काढावा लागतो.

हा वाद आपल्यापुरताच आहे असेही नाही. अमेरिकेत बास्केटबॉलच्या बाबतीत तो आपल्यापेक्षा जास्त हिरिरीने चालतो. तिथल्या व्यावसायिक स्पर्धेत १९५० साली एक सामना १९-१८ असा संपला होता, कारण आघाडीवरचा संघ चेंडू नुसताच हातात धरून बसू शकत होता. प्रेक्षक कंटाळले. मग १९५४ मध्ये चोवीस सेकंदांत चेंडू बास्केटकडे फेकलाच पाहिजे असा नियम आला आणि गुणांचा पाऊस पडू लागला. १९६२ मध्ये विल्ट चेंबरलेन या धिप्पाड खेळाडूने एकट्याने एका सामन्यात शंभर गुण केले. त्याच्याही आधी जॉर्ज मायकन नावाचा उंच गडी बास्केटखाली उभा राहून कुणाला दाद देईना, म्हणून १९५१ मध्ये तिथली आखलेली पट्टी सहा फुटांवरून बारा फुटांपर्यंत रुंदावण्यात आली. म्हणजे कधी खेळाडू नियमाला जुळवून घेतो, तर कधी खेळाडूमुळे नियमच बदलावा लागतो.

आजच्या काळातला स्टीफन करी हा तिथला बिनीचा खेळाडू. दुरून चेंडू टाकण्यात त्याचा हात धरणारा नाही. पण दुरून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देणारी रेघ त्या स्पर्धेत १९७९-८० च्या हंगामात आली. त्याआधीच्या काळात करी जन्मला असता तर त्याची फेक तितकीच अचूक असती, पण तिला दोनच गुण मिळाले असते. मग इतक्या दुरून फेकण्याचा धोका पत्करायला कोणत्या प्रशिक्षकाने परवानगी दिली असती? गुण अंगात असणे आणि त्या गुणाला मैदानात किंमत असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेघ नसेल तर कौशल्य असूनही ते वहीत चढत नाही.

हीच फूटपट्टी खो-खोला लावू. आजचा खेळाडू मातीत उतरवला तर काय होईल? वेग आणि दम त्याचा स्वतःचा आहे, तो कुठेही जात नाही. आहार, व्यायामाचे शास्त्र, चित्रफितीवर स्वतःचा खेळ पाहून चुका सुधारण्याची सोय, यामुळे त्याचे शरीर अधिक तयार आहे. परंतु माती पायाला निराळे वळण लावते. मातीत पळणारा वळताना पाय थोडा घसरवतो. त्या घसरण्यातच हूल असते. पाठलाग करणाऱ्याला वाटते हा डावीकडे गेला, तोवर तो उजवीकडच्या पाटीमागे. मॅटवर बूट चिकटतो, तिथे घसरून चालत नाही, पाय उचलूनच वळावे लागते. जो गडी घसरण्याच्या भरवशावर वाढला त्याचा मॅटवर गुडघा पिरगळतो आणि जो पकडीच्या भरवशावर वाढला तो मातीत आपटतो.

सुराचे तर विचारूच नका. आज पाठलाग करणारा हवेत झेपावून गडी बाद करतो, खांबाचा आधार घेऊन अंग लांबवतो. व्यावसायिक लीगमध्ये अशा सुराला जास्त गुण होते. सूर मातीतही मारले जात. पण कोपर-गुडघ्याची सालपटे निघण्याची तयारी ठेवून, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सामना असेल तर जरा विचार करून. मॅटने सूर मारणे स्वस्त केले. जी गोष्ट स्वस्त होते ती वाढते, हे अर्थशास्त्र मैदानालाही लागू आहे.

आता उलट बाजू पाहा. जुन्या काळचा कसलेला पळतीपटू आज आणला तर? त्याची सारी मदार एका नियमावर होती. पाठलागावर असलेल्या गड्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत त्याला मागे फिरता येत नाही आणि मधली पाटी ओलांडता येत नाही. या बंधनाच्या फटीतून पळणारा निसटायचा. साखळी घालत, पाट्यांमधून नागमोडी पळत तो समोरच्याला दमवायचा. अल्टिमेट खो-खो या लीगने 'वझीर' आणला. हा गडी कोणत्याही दिशेला वळू शकतो. बुद्धिबळातला वजीर पटावर आल्यासारखेच झाले. जुन्या पळतीपटूला आपली विद्या निम्मी विसरून पुन्हा शिकावी लागली असती. हुशार माणूस शिकलाही असता. पण आल्या पावली टिकला असता असे म्हणवत नाही.

मातीवरून गादीवर जाण्याची ही अडचण आपल्या एका थोर खेळाडूने प्रत्यक्ष भोगली आणि ओलांडलीही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकला गेले, तेव्हा गादीवरच्या कुस्तीचा त्यांना सराव नव्हता. तरीही ते सहावे आले. चार वर्षे त्यांनी त्या पद्धतीचा अभ्यास केला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. माणूस तोच, ताकद तीच, फरक पडला तो चार वर्षांच्या संधीने. पुढे 'महाराष्ट्र केसरी'ने तर हा वाद स्पर्धेतच सामावून घेतला. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता अखेर एकमेकांसमोर उभे राहतात. दोन काळ एकाच संध्याकाळी हात मिळवतात.

तात्पर्य, खरा गुणी खेळाडू कोणत्याही काळात टिकण्याची शक्यता बरीच असते, मात्र जुळवून घेण्यापुरता अवधी त्याला मिळाला पाहिजे. वादाचा हा भाग इथे मिटवायला हरकत नाही. पण आपण ज्याला 'टिकणे' म्हणतो त्याच्या आधीची एक पायरी आहे. ती म्हणजे मैदानापर्यंत पोहोचणे.

पळवणकर बाळू हे नाव नव्या पिढीला फारसे ठाऊक नसते. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने शंभराहून अधिक बळी घेतले. त्याच बाळूंना पुण्यात, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मले म्हणून, आपल्याच संघसहकाऱ्यांपासून दूर बसून वेगळ्या भांड्यात चहा प्यावा लागला. हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले. अमेरिकेच्या ज्या बास्केटबॉल स्पर्धेची वर चर्चा केली, तिथेही कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश मिळाला तो १९५० साली. त्याआधीच्या विक्रमांच्या यादीत जी नावे नाहीत ती कमी प्रतीची होती म्हणून नाहीत असे नव्हे. त्यांना दारच उघडले गेले नव्हते. तेव्हा 'आजचा खेळाडू पूर्वी चमकला असता का' या प्रश्नाला पुष्कळांच्या बाबतीत एकच प्रामाणिक उत्तर आहे. त्याला मैदानात उतरूच दिले नसते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. सारिका काळे हे नाव इथे घराघरात माहीत आहे. २०१६ मध्ये गुवाहाटीला झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला संघाने सुवर्णपदक जिंकले, त्या संघाची ती कप्तान. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला तो पुरस्कार बावीस वर्षांनी आला होता. त्या वेळी तिने सांगितले होते की कित्येक वर्षे तिने दिवसाला एकच वेळचे जेवण जेवून काढली. तेव्हा ती आमच्याच तुळजापूर तालुक्यात क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती.

ही सारिका साठ वर्षे आधी जन्मली असती तर? निजामी राजवटीत आपल्याकडे शाळा मोजक्या, त्यात मुलींच्या शाळा आणखी मोजक्या आणि माध्यमिक शिक्षण उर्दूतून. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. पुण्या-बडोद्याला खो-खोचे नियम छापून होते, स्पर्धा भरत होत्या, तेव्हा आपल्या खेड्यांतल्या मुलींच्या डोक्यावर घागर होती. त्या मुलींच्या पायांत वेग नव्हता काय? विहिरीवरून दोन घागरी घेऊन चढणारी, कापसाच्या रानात दिवसभर वाकणारी मुलगी दमात कुणाला हार गेली असती? पण त्या वेगाला कुणी घड्याळ लावले नाही. जे मोजले गेले नाही ते इतिहासात नाही, एवढेच.

सारिकाच्या पिढीला शाळा मिळाली, क्रीडाशिक्षक मिळाले आणि खो-खो हा असा खेळ मिळाला की ज्याला बॅट लागत नाही, रॅकेट लागत नाही. दोन खांब आणि थोडी फक्की. दुष्काळी जिल्ह्यात हाच खेळ का रुजला, याचे कोडे यात बरेचसे उलगडते. ज्याच्याकडे काही नाही त्यालाही खेळता येतो असा हा खेळ. म्हणूनच आमच्याकडच्या मुली राज्याच्या आणि देशाच्या संघात जाऊ शकल्या.

आणि नेमकी इथेच आज काळजी वाटते. खेळ मॅटवर गेला, हे चांगलेच झाले. दूरदर्शन संचावर शोभून दिसतो, तेवीस देशांचे संघ दिल्लीला आले, खेळाडूंना चार पैसे मिळू लागले. जुने ते सोने म्हणत मॅटला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण मॅट पैसे मागते, सपाट जागा मागते, छप्पर मागते, बूट मागते. जिल्ह्याच्या गावी ती सोय होते. तालुक्याच्या गावी व्हायला वेळ लागतो. खेड्यातल्या शाळेत अजून मातीच आहे आणि आणखी बरीच वर्षे राहील. म्हणजे 'तेव्हा' आणि 'आता' हे दोन काळ एकामागून एक आले अशी जी आपली समजूत आहे ती खरी नाही. ते दोन्ही आज एकाच वेळी चालू आहेत आणि त्यांच्यात फक्त एसटीच्या तासा-दोन तासांचे अंतर आहे. धाराशिवच्या संकुलात २०२५ आलेले असते आणि एखाद्या वाडीवरच्या शाळेत १९६० संपलेले नसते.

आमच्या खंडोबाची एक रीत आहे. देव एकच, वर्षातला मोठा काळ तो अणदूरला असतो आणि उरलेला नळदुर्गच्या मैलारपूरला. देव पालखीतून जातो, लोक त्याला नेतात आणि आणतात, आणि दोन्ही ठिकाणी तो तितकाच देव असतो. खेळातले गुणी मूल मात्र आपोआप मातीवरून मॅटवर जात नाही. त्यालाही कुणीतरी न्यावे लागते.

एखादी अणदूरची मुलगी सकाळी मातीत उत्तम पळते असे धरू. तिला मॅटवर सराव करायचा असेल तर नळदुर्ग, तुळजापूर आणि मग धाराशिव. संध्याकाळी परतायला दिवस मावळतो. घरात आई म्हणते, "बाई, अंधाराच्या आत घरी ये." दहावी झाली की शेजारपाजारचे विचारू लागतात की आता किती दिवस पळवणार पोरीला. अशा मुलीचा पाय निवड चाचणीच्या दिवशीच पहिल्यांदा मॅटला लागला, तर ती हरली असे म्हणायचे की तिला जुळवून घ्यायला वेळच दिला नाही असे म्हणायचे? खाशाबांना लंडन ते हेलसिंकी चार वर्षे मिळाली. या पोरीला चार दिवस तरी मिळावेत.

आणखी एक बाब नोंदवली पाहिजे. २०२२ मध्ये पुण्याला आणि पुढे २०२३-२४ मध्ये कटकला झालेल्या त्या व्यावसायिक लीगच्या दोन्ही हंगामांत फक्त पुरुषांचे संघ होते. मुलींचा संघ विश्वचषक जिंकू शकतो, हे त्यानंतर वर्षभरात जगाने पाहिले. पण ज्या मंचावर पैसा आणि प्रसिद्धी होती, तिथे त्यांच्यासाठी रेघच आखलेली नव्हती. तेव्हा दार बंद ठेवण्याची सवय फक्त जुन्या काळालाच होती, असे समजून आपण आपली पाठ थोपटून घेऊ नये. पन्नास वर्षांनी कुणीतरी पारावर बसून म्हणेल की त्या काळी म्हणे मुलींची लीगच नव्हती, आणि ऐकणाऱ्याला ते खरे वाटणार नाही.

करायचे काय, तर फार मोठे काही नाही. प्रत्येक तालुक्याला मॅटची एक सोय, मग ती एखाद्या शाळेच्या सभागृहात का असेना. आजूबाजूच्या गावांतल्या शाळांना आठवड्यातून एक दिवस तिथे पाळीपाळीने सराव. मुलींना न्यायला-आणायला एक वाहन आणि सोबत एक बाई. क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी राहू नये याची काळजी. या यादीतले पहिले सोडले तर बाकी कशालाही मोठा खर्च नाही, आणि पहिल्यालाही एखाद्या कमानीइतका किंवा एका सत्कार समारंभाइतकाच. विजेत्यांना कोटींची बक्षिसे द्यावीत, जरूर द्यावीत. परंतु बक्षीस हे ठेव मुदत पूर्ण झाल्यावर मिळणारे व्याज आहे. मुद्दल भरायचे ते खेड्यातल्या मैदानात आणि तेही दरवर्षी.

तेव्हाचे श्रेष्ठ की आताचे, हा वाद पारावर खुशाल चालू राहावा. त्याने करमणूक होते आणि जुन्या खेळाडूंची नावेही जिभेवर राहतात. मात्र वाद घालणाऱ्यांनी एवढे करावे. आपल्या गावच्या शाळेत या वर्षी किती मुली पळतीला उतरतात आणि त्यांतल्या किती जणींनी मॅटला पाय लावला आहे, हे एकदा मास्तरांना विचारून यावे. पुढच्या सामन्याचा निकाल त्या आकड्यावर ठरणार आहे.